व्याह्यांच्या गावी पर्यटक

एवारिस्तो कार्रास्कोसा वालेन्सियाला निघाले ते पर्यटक म्हणून, पाहुणे म्हणून नव्हे. या दोहोंतला फरक त्यांनी बायकोला एकाच जेवणात तीनदा समजावून सांगितला आणि कासिल्दाबाईंनी तिन्ही वेळा "बरं" म्हटलं.

"पाहुणा दुसऱ्याचं खातो," एवारिस्तो म्हणाले, "पर्यटक स्वतःचं खातो. पाहुण्याला मान खाली घालावी लागते. पर्यटक मान वर करून घुमट बघत हिंडतो. कुणाच्या बापाला भीत नाही."

"बरं. पण व्याही एवढं घरी या म्हणताहेत, त्याचं काय?"

"जाऊ की. उभ्या उभ्या."

एवढा आटापिटा उगाच नव्हता. त्यांची मुलगी नोएलिया वालेन्सियात नोकरीला होती आणि तिथल्याच चिमो नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. एवारिस्तोंनी पुष्कळ शोधून पाहिलं होतं. प्रश्न होता लग्न कुठं करायचं हा. एवारिस्तोंच्या मते त्यात प्रश्नच नव्हता: आपल्या गावी कुएन्कात, डोंगरावरच्या कॅथेड्रलमध्ये, जिथं त्यांचं झालं, त्यांच्या वडिलांचं झालं. पण चिमोचे वडील, चष्म्याचे दुकानदार बातिस्ते, फोनवर सहज बोलून गेले होते, "अहो, आमच्याकडचीच दोनशे माणसं होतील. ती तुमच्या त्या चढावर कशी चढायची?"

'तुमच्या त्या चढावर' हे शब्द एवारिस्तोंच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. ज्या माणसानं जमीन-नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली, तो स्वतःचा बांध इतक्या सहज सोडणार नव्हता. समोरासमोर, सभ्यपणे, पण ठाम सांगायचं होतं. आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला ठाम काही सांगता येत नाही, हे जगजाहीर आहे.

हे जगजाहीर सत्य त्यांना खालच्या मजल्यावरच्या फुल्हेन्सियोंनी सांगितलं होतं. फुल्हेन्सियोंनी तीन मुलींची लग्नं लावली होती आणि तिन्ही ठिकाणी माघार घेतली होती, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"एक कॉफी घेतलीस त्यांच्याकडे," जिन्यात उभे राहून ते म्हणाले, "तर पन्नास पाहुणे मान्य केलेस असं समज. जेवलास तर कॅथेड्रल गेलं. आणि मुक्कामाला राहिलास, तर नातवाचं नावसुद्धा तेच ठेवणार."

"मग करायचं काय?"

"उलटं कर. त्यांच्या गावात तूच त्यांना फिरव. खेळाची तिकिटं तू काढ, चित्रं तू दाखव. उपकाराखाली दबलेला माणूस वाद घालत नाही, एवारिस्तो. मी सांगतो ना! मी जन्मभर दबलोय."

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सोकोर्रोबाई पिशवी घेऊन उतरल्या. त्यांना फक्त 'वालेन्सिया' एवढंच ऐकू आलं होतं, पण सल्ला द्यायला तेवढं पुरलं. "भाताबद्दल बोलू नका हो तिथं, त्यांचा जीव असतो त्यावर. वाईट म्हटलंत तर भांडण, आणि चांगला म्हटलंत तर कृती सांगत बसतात."

एवारिस्तो कामाला लागले. त्यांनी स्वतःच्या हातानं संगणकावर हॉटेल ठरवलं. ग्रंथालयातून चित्रकलेवरचं एक जाडजूड पुस्तक आणून त्यातली अर्धी पानं वाचली आणि उरलेल्यांतली चित्रं पाहिली. आणि खेळाची चार तिकिटं काढली. खेळही साधासुधा नाही, तर त्या लोकांच्या काळजाचा: हातानं चेंडू मारण्याचा त्यांचा जुना खेळ. तो एका लांबट दालनात होतो. त्या दालनाला त्रिंकेत म्हणतात आणि प्रेक्षकांपैकी काही जण मैदानातच, एका बाजूच्या दगडी पायऱ्यांवर बसतात. वर सज्जातही जागा होती. पण फुल्हेन्सियो म्हणाले, "जितकं जवळ तितका मान." एवारिस्तोंनी अगदी पुढच्या पायऱ्या घेतल्या.

शनिवारी सकाळी ते वालेन्सियात उतरले तेव्हा सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं. हे साधारण हॉटेलच्या दारापर्यंत टिकलं.

"तुमचं आरक्षण आहे, साहेब," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. "अगदी पक्कं आहे. पुढच्या महिन्यात."

"शक्य नाही. मी शनिवार निवडला होता."

"शनिवारच आहे. पुढच्या महिन्यातला."

"बाई, मी एकतीस वर्षं कचेरीत काम केलंय. एकदाही एका गावचं शेत दुसऱ्या गावच्या नावावर चढवलेलं नाही."

"मग हे कुणी भरलं?" तिनं अगदी निरागसपणे विचारलं.

एवारिस्तोंनी दुसरी खोली मागितली. खोली नव्हती. गावात पळण्याची मोठी शर्यत होती आणि युरोपभरची सडपातळ माणसं येऊन पलंग अडवून बसली होती. बाजूच्या हॉटेलात नव्हती, त्याच्या बाजूच्यातही नव्हती. एवारिस्तो घाम पुसत परत आले, तर कासिल्दाबाई बॅगेवर शांतपणे बसल्या होत्या.

"विहीणबाईंना फोन केला मी," त्या म्हणाल्या. "चिमो निघालाय गाडी घेऊन."

"अगं, पण आपण पर्यटक—"

"पर्यटकालाही झोपायला लागतं हो."

अशा रीतीनं पहिल्याच तासात नातवाचं नाव गेलं.

व्याह्यांनी दारातच मिठी मारली. बातिस्ते म्हणजे गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. सगळ्या जगाला कमी दिसतं, अशी दुकानदार म्हणून त्यांची ठाम समजूत असावी, कारण ते प्रत्येक गोष्ट बोट दाखवून सांगत. "ही तुमची खोली! हा पलंग! ही खिडकी!" खोली चिमोच्या लहानपणीची होती. पलंगही लहानपणीचाच होता. भिंतीवर तिथल्या फुटबॉल संघाचे खेळाडू हाताची घडी घालून उभे होते आणि एवारिस्तोंच्या मापाविषयी त्यांना शंका असल्यासारखे बघत होते.

विहीणबाई एम्पार यांनी जेवायला वाढलं. फक्त तोंडात टाकायला, म्हणून आधी शिंपल्या आल्या, मग ऑलिव्ह, मग तळलेली कटलफिश, मग "आता जेवू या" असं म्हणून जेवण आलं. एवारिस्तोंनी मनात हिशेब केला: कॅथेड्रल गेलं होतंच, आता त्यातल्या घंटाही गेल्या. पण एक आशा होती. दुपारी खेळ होता. तिकिटं त्यांची होती. तिथं व्याही त्यांचे पाहुणे असणार होते.

"वा!" तिकिटं बघून बातिस्ते म्हणाले, आणि मग जरा थांबून म्हणाले, "खालच्या पायऱ्या घेतल्यात?"

"पुढच्याच. जवळून दिसतं."

"दिसतं खरं. तिथं आम्ही तरुणपणी बसायचो." बातिस्तेंनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. "छाती लागते हो. तुम्ही आधी खेळलायत वाटतं?"

"गावात, चर्चच्या भिंतीवर," एवारिस्तो म्हणाले. हे खरं होतं. त्या वेळी ते नऊ वर्षांचे होते आणि चेंडू लोकरीचा होता, हे सांगण्याचं कारण त्यांना दिसलं नाही.

त्रिंकेत भरून गेलं होतं. पांढऱ्या विजारींतले खेळाडू आले, अर्ध्यांच्या कमरेला तांबडा पट्टा, अर्ध्यांच्या निळा. कासिल्दाबाई आणि एम्पारबाई एका पायरीवर बसल्या, त्यांच्या खाली दोघे व्याही. बसता बसता बातिस्ते म्हणाले, "फक्त एक लक्षात ठेवा. डोळे चेंडूवरून हलवायचे नाहीत. आपल्या अंगावर आला तरी खेळ थांबत नसतो. आपण मैदानातलेच."

खेळ सुरू झाला आणि एवारिस्तोंच्या लक्षात आलं की हा चेंडू लोकरीचा नव्हे. कातड्याचा होता, कडक होता आणि भिंतीवर आपटला की सुताराचा हातोडा पडल्यासारखा आवाज यायचा. तो उघड्या हातानं मारणाऱ्या माणसांबद्दल त्यांना आदर वाटला आणि थोडी काळजीही. मागे कासिल्दाबाईंना मात्र कंठ फुटला होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवारिस्तोंनी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आता त्या ओरडत होत्या, "डाव्या हातानं घे, डाव्या! अरे देवा, काय हा माणूस!" आणि आजूबाजूचे लोक मान डोलावत होते.

निळे पुढे होते. बातिस्ते निळ्यांच्या बाजूचे होते आणि खुशीत होते. एवारिस्तोंनी विचार केला, हीच वेळ. तिकिटं आपली, माणूस खूष, आणि भोवती इतका गलका की नकार द्यायचा तरी त्याला ओरडूनच द्यावा लागेल. त्यांनी घसा साफ केला, व्याह्यांकडे वळले आणि म्हणाले, "बातिस्ते, लग्नाच्या जागेविषयी मला असं—"

पुढचं काही त्यांना बोलता आलं नाही. हातोडा पडला, पण भिंतीवर नाही.

शुद्ध गेली नाही. ती गेली असती तर बरं झालं असतं, कारण त्यामुळे पुढचं ऐकावं लागलं नसतं. चेंडू त्यांच्या भुवईवर आदळून, चष्म्याचे दोन तुकडे करून, त्यांच्याच पायाशी मऊपणे येऊन थांबला होता. नियमाप्रमाणे खेळ चालूच होता. निळा खेळाडू धावत आला, पण चेंडू एवारिस्तोंच्या बुटांच्या मधोमध होता. गुण तांबड्यांना गेला. त्या गुणानं डाव गेला. त्या डावानं निळ्यांचा जीवच गेला आणि शेवटी सामनाही.

"काका," मागून एक जण कळवळून म्हणाला, "मान जरा तिरकी ठेवली असतीत ना, तर परत भिंतीवर गेला असता हो!"

"हलले ते," दुसरा म्हणाला. "बाहेरगावचे असणार."

"कुएन्काचे," एम्पारबाईंनी खुलासा केला.

"तरीच."

ज्यानं चेंडू मारला तो खेळाडू खेळ संपल्यावर मुद्दाम भेटायला आला. चेंडू मारून पावासारखा फुगलेला हात त्यानं एवारिस्तोंच्या खांद्यावर ठेवला. माफी मागेल असं वाटलं. तो म्हणाला, "तुम्ही बोलत होतात."

"हो," एवारिस्तो म्हणाले.

"बोलायचं नाही," तो म्हणाला आणि गेला.

बातिस्तेंनी निळ्यांच्या पराभवाबद्दल चकार शब्द काढला नाही. हा त्यांचा मोठेपणा एवारिस्तोंना ठणक्यापेक्षा जास्त जाणवला. उलट त्यांनी शनिवारचं बंद शटर वर करून दुकान उघडलं, एवारिस्तोंना खुर्चीत बसवलं, बर्फाची पिशवी डोळ्यावर दिली आणि उरलेल्या डोळ्याची तपासणी सुरू केली.

"खालची ओळ वाचा."

"खाली ओळ आहे?"

बातिस्तेंनी मोडक्या चष्म्याचे तुकडे उचलून उजेडात धरले. मग हळूच म्हणाले, "हा चष्मा किती जुना होता?"

"चांगला होता," एवारिस्तो म्हणाले.

काचा तिथल्या तिथं घासून तयार झाल्या. अडचण आली फ्रेमची. भुवई आता बटाट्याएवढी झाली होती आणि तिच्यावरून जाईल अशी रुंद फ्रेम दुकानात एकच होती. ती जांभळी होती. कडांना बारीक चकाकी होती. एवारिस्तोंनी आरशात पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्या प्रकारच्या माणसाचा अर्ज त्यांनी दोनदा तपासून घेतला असता, तसा माणूस आरशात उभा होता.

"छान दिसताय," बातिस्ते म्हणाले. "या वर्षी मुली हीच फ्रेम नेताहेत."

पैसे काढायला एवारिस्तोंनी खिशात हात घातला, तेव्हा बातिस्तेंच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख दिसलं. "व्याह्याकडून घेऊ?" एवढंच ते म्हणाले. एवारिस्तोंचा हात खिशातच राहिला. नातवाचं नाव, कॅथेड्रल, घंटा आणि आता दृष्टीसुद्धा! देण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

उरलं होतं फक्त ते जाडजूड पुस्तक. रविवारी सकाळी नोएलिया आणि चिमोसकट सगळे मिळून चित्रसंग्रहालयात निघाले. एवारिस्तो सगळ्यांच्या आधी तिकीटखिडकीकडे धावले. "मी काढतो, मी! कुणी मध्ये यायचं नाही!"

"प्रवेश मोफत आहे, साहेब," खिडकीतला माणूस म्हणाला.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

उपकार करायला या गावात जागाच ठेवलेली नव्हती.

बातिस्ते जन्मभर या गावात राहिले होते, पण शाळेच्या सहलीनंतर इथं पहिल्यांदाच येत होते. ते प्रत्येक चित्रापुढं टोपी हातात घेऊन उभे राहत आणि व्याह्यांच्या तोंडाकडे बघत. एवारिस्तोंना धीर आला. त्यांनी एका संताच्या पायांविषयी, एका पडद्याच्या घडीविषयी आणि एका अंधाऱ्या कोपऱ्याविषयी अशी माहिती दिली की फ्रान्सहून आलेले दोघे जण मागे मागे येऊ लागले. जांभळ्या चष्म्यामुळे आणि हिरव्यानिळ्या भुवईमुळे ते स्वतःच कुणी चित्रकार असावेत असं त्या दोघांना वाटलं असेल.

मग एका दालनात ते मोठं जुनं चित्र आलं: काना गावचं लग्न, जिथं दारू संपली आणि येशूनं पाण्याची दारू केली. एवारिस्तो थबकले. इतकी सरळ चालून आलेली संधी त्यांच्या आयुष्यात कधी आली नव्हती.

"आता इथं बघा," ते म्हणाले. "पाहुणे दुरून आलेत. पायांवर धूळ आहे. म्हणजे रस्ता चढाचा होता. पण कुणी तक्रार केली का? नाही. कारण लग्न मुलीच्या गावी आहे आणि लग्न मुलीच्या गावीच शोभतं."

बातिस्तेंनी चित्र नीट पाहिलं. "कशावरून मुलीच्या गावी?"

"दिसतंच आहे."

"दारू संपली म्हणता ना?" बातिस्ते म्हणाले. "मग मुलीकडचीच व्यवस्था असणार."

ते गमतीनं बोलले होते. पण एवारिस्तोंच्या घशातला काटा अजून निघाला नव्हता. "आमच्याकडे," ते म्हणाले, "आजवर कुणाच्या लग्नात दारू संपलेली नाही."

"पोचेपर्यंत तहान मरत असेल. तो चढ—"

"चढाचं नाव काढू नका!"

"शूऽऽ!" कोपऱ्यातली रखवालदार बाई म्हणाली.

मग भांडण कुजबुजत सुरू झालं. मोठ्यानं भांडणाऱ्या माणसाला मध्ये श्वास घ्यावा लागतो, पण कुजबुजणाऱ्याला लागत नाही. दोघे व्याही एका दालनातून दुसऱ्यात, संतांच्या, राजांच्या आणि मेलेल्या सशांच्या चित्रांपुढून, दात-ओठ खात कुजबुजत निघाले. "दोनशे माणसं!" "आठशे वर्षांचं कॅथेड्रल!" "माझी आई नव्वदीची आहे!" "माझ्या आईचं लग्न तिथं झालं!" फ्रेंच जोडपं मागे होतंच.

नोएलियानं मध्ये येऊन दोघांचे दंड धरले. "बाबा. काका. बसा इथं." त्यांना बाकावर बसवून तिनं चिमोकडे पाहिलं. चिमो छताकडे बघत होता.

"आमचं लग्न झालंय," नोएलिया म्हणाली. "मार्चमध्ये. नगरपालिकेत."



"आम्ही नुसते कागद देऊन ठेवले होते," चिमो म्हणाला. "सगळे म्हणाले, दीड वर्ष लागतं. तोवर तुम्हा दोघांचं जागेचं ठरेल, असं वाटलं. पण फाइल तीन आठवड्यांत पुढे गेली. तारीखच आली. ती सोडली असती तर पुन्हा पहिल्यापासून..."

"तीन आठवडे?" एवारिस्तो म्हणाले.

"हो, बाबा."

"सरकारी कचेरीत?"

"हो."

"शक्य नाही," एवारिस्तो म्हणाले. मुलीनं न सांगता लग्न केलं, हे ते एक वेळ पचवू शकले असते. पण एक फाइल तीन आठवड्यांत टेबलावरून उठली, यानं त्यांच्या आयुष्याचा पायाच हलला. "कुणी सही केली? नाव काय त्याचं?"

बातिस्ते पांढरेफटक पडले होते. "एम्पार," ते म्हणाले, "ऐकलंस?"

एम्पारबाईंनी कासिल्दाबाईंकडे पाहिलं. कासिल्दाबाई मेलेल्या सशाकडे बघू लागल्या. एवारिस्तोंनी नव्या चष्म्यातून बायकोचा चेहरा पाहिला. चष्मा उत्तम होता. सगळं स्पष्ट दिसत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही दोघे त्रास करून घ्याल म्हणून," कासिल्दाबाई म्हणाल्या. "आणि जेवणाचं आम्ही ठरवलंय. जूनमध्ये, रेकेनाला. दोन्ही गावांच्या मध्ये पडतं. हॉल चांगला आहे. चढ नाही."

"आणि दारू तिथंच पिकते," एम्पारबाई म्हणाल्या. "संपायची नाही."

दोघे व्याही उठले. टोपी घालून, रखवालदार बाईला मान लववून बाहेर पडले. समोरच जुन्या नदीचं पात्र होतं. नदी कधीचीच गावाबाहेर वळवलेली, आता तिथं झाडं आणि मैदानं. रविवारचे कुठले तरी दोन संघ फुटबॉल खेळत होते, एक पिवळा, एक हिरवा. दोघांना दोन्ही संघांची नावं माहीत नव्हती. ते रेषेपाशी उभे राहिले.



"तीन आठवडे," एवारिस्तो म्हणाले.

"मी सूट शिवायला टाकलाय," बातिस्ते म्हणाले.

एवढ्यात हिरव्या संघातल्या एका दांडगटानं पिवळ्याला आडवं केलं. रेफरीनं हात हलवून खेळ चालू ठेवला.

"फाउल!" एवारिस्तो ओरडले. आपल्या अंगात एवढा आवाज आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "अरे फाउल! दिवसाढवळ्या!"

"लाज वाटते का?" बातिस्ते गरजले. "कुणाला विचारून पुढे गेलास? आम्ही इथं मेलोय का?"

"मोठ्या माणसांना काही किंमतच नाही!"

"सगळं आधीच ठरवून येता!"

फोन वाजला. एम्पारबाईंचा होता; चूल पेटवू का, भात थांबत नसतो, हेच विचारायचं असणार. बातिस्तेंनी फोन न उचलता खिशात टाकला. भाताच्या बाबतीत त्या गावात असं कुणी सहसा करत नाही.

पुढची पंधरा मिनिटं त्या रेफरीला आयुष्यभर लक्षात राहिली असतील. शेवटी त्यानं खेळ थांबवला आणि शिट्टी हातात घेऊन तो रेषेपाशी आला. विशीतला, घामाघूम झालेला पोरगा होता. त्यानं एकाची जांभळी फ्रेम आणि सुजलेली भुवई पाहिली, दुसऱ्याच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि जरा जपूनच विचारलं, "काका, तुमची मुलं खेळतायत का यात?"

"नाही रे बाबा," एवारिस्तो म्हणाले. त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. कधी, ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. "आमची मुलं आमचं ऐकत नाहीत. म्हणून तुला सांगतोय."

पोरग्यानं शिट्टी तोंडात धरली. मग वळला आणि चेंडू पिवळ्यांना दिला.